नाल्याचा उद्याचा रंग

धडा शिकवून झाला की बाईंनी "समजलं का?" असं विचारायचं आणि वर्गाने एका सुरात "हो बाई" म्हणायचं, यावर आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. कोणाला काही समजलेलं नसतं. ते बाईंना ठाऊक असतं, मुलांनाही ठाऊक असतं, पण तास संपायला चारच मिनिटं उरलेली असतात आणि हजेरीच्या कॅटलॉगवर सह्या राहिलेल्या असतात. डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, शिक्षकाचं काम बोलण्याचं. बोलायला काय लागतं? घसा. तो खवखवला तर लवंग. खरं काम समोरच्याला बोलतं करण्याचं, आणि ते आमच्यातल्या फार थोड्यांना जमतं. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात बोलणारी पाच असतात. जूनपासून एप्रिलपर्यंत तीच पाच. तपासणीला साहेब आले की आम्ही त्या पाचांनाच प्रश्न विचारतो, साहेब खूश होतात, चहा-बिस्किटं होतात, शेरेबुकात "वर्ग क्रियाशील आहे" असा शेरा पडतो. उरलेली त्रेचाळीस मुलं साहेब जाईपर्यंत हाताची घडी घालून बसतात. ती वाईट नसतात. बोलून चुकण्यापेक्षा गप्प राहून पास होणं त्यांना सोपं वाटतं. मोठेपणी आपणही बहुतेक तेच करतो.

तर हे बोलतं करण्याचं शास्त्र शिकवायला मला ठाण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, समाजमाध्यमांचा वापर करून वर्गातील विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे. खरं तर जायचं होतं आमच्या दुसऱ्या विज्ञानाच्या सरांना, पण ऐनवेळी त्यांच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. हेडसर म्हणाले, "बाई, तुम्हीच जा. तुम्हाला फोन चालवता येतो." लॉकडाऊनमध्ये मी मोबाइल कुकरला टेकवून वर्ग घेतले होते, एवढंच माझं भांडवल. शिकवायला आलेला मुलगा चुणचुणीत होता. दोन दिवस तो सहभागावर बोलला आणि सभागृहातल्या ऐंशी शिक्षकांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "समजलं का?" आम्ही सगळे म्हणालो, "हो सर."

येताना एक फोल्डर, एक पेन आणि एक काम मिळालं. वर्षअखेरीस अहवाल द्यायचा. उपक्रमाचं नाव, उद्देश, कार्यवाही, फलश्रुती आणि पुराव्यादाखल दोन फोटो.

मी "नववी ब विज्ञान" असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नंबर अर्थातच पालकांचे. पहिल्या संध्याकाळी प्रश्न टाकला, बर्फ पाण्यावर का तरंगतो? सहा जणांचं "ओके मॅडम" आलं. चौघांनी हात जोडले. एका आजोबांनी गुडघेदुखीवर मेथीदाण्याचा उपाय पाठवला. एका गृहस्थाने टिटवाळ्यात स्टेशनपासून सात मिनिटांवर वन बीएचके उपलब्ध असल्याचं कळवलं. हा मुलांचा अभ्यासाचा ग्रुप आहे, असं मी त्यांना नम्रपणे लिहिलं, तर उत्तर आलं, "सॉरी मॅडम, तुमच्यासाठी टू बीएचकेपण आहे." हेडसरांनी माझ्या फोनमध्ये मेसेजचा ढीग बघितला आणि म्हणाले, "बाई, सहभाग आहे की." होताच. फक्त मुलांचा नव्हता.

मग त्या पाच बोलणाऱ्यांतलीच एक म्हणाली, "बाई, ग्रुपवर सगळे म्हातारेच असतात. आपण इन्स्टावर पेज काढूया ना." ग्रुपवर मीही होते, पण ते मी गिळलं. पेज काढलं. रीतसर काढलं बरं का. माझ्या फोनवर, पासवर्ड माझ्याकडे, हेडसरांची लेखी परवानगी, आणि मुलाचा फोटो-व्हिडिओ टाकायला हरकत नाही अशी प्रत्येक पालकाची सही. कागदोपत्री मी कधीच कच्ची नव्हते. त्या अठ्ठेचाळीस सह्या अजूनही शाळेच्या कपाटात असतील.

तेव्हा आमचा आम्ल-आम्लारीचा धडा चालू होता. तो लिटमस कागदाशिवाय शिकवता येत नाही, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली लिटमसची डबी मुलांपेक्षा वयाने मोठी. एका पट्टीचे चार तुकडे करून आम्ही ती पुरवायचो. म्हणून मी मुलांना जास्वंदीच्या रसात कागद बुडवून वाळवायला सांगितलं. आम्लात तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवट. दोन दिवसांत आसपासच्या सोसायट्यांमधून तक्रारी आल्या की सकाळी देवाला फूल मिळेना. मुलांनी लिंबू तपासलं, साबण तपासला, आजोबांच्या चंचीतला चुना तपासला, व्हिडिओ केले. बघायला मजा यायची. तरी बोलणारी पाचाची फार तर आठ झाली.

आमच्या शाळेच्या मागून एक नाला वाहतो. पलीकडे कंपन्यांचा पट्टा आहे. डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नाल्याला रंग असतो. कधी हिरवा, कधी निळा, कधी लाल. नेहमीचा काळा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. वाससुद्धा पाहुणे आले की मगच येतो. त्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, आपला नाला आम्ल आहे की आम्लारी?"

एकतीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. सुतळीला जास्वंदीचा कागद बांधून आम्ही तो पुलावरून खाली सोडला. खाली कोणी उतरायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, कठड्याशी मी स्वतः उभी राहणार, असा दंडक. कागद गुलाबी झाला. दुसऱ्या दिवशी परत सोडला, जेमतेम बदलला. तिसऱ्या दिवशी पाणीच हिरवं होतं. मग ठरलं, रोज प्रार्थनेच्या आधी पुलावरून फोटो काढायचा आणि पेजवर "आजचा रंग" म्हणून टाकायचा. संध्याकाळी मतदान. उद्या कोणता? हिरवा, निळा, लाल की नेहमीचा?

इथून पुढे मला काही करावंच लागलं नाही. प्रार्थनेला रेंगाळत येणारी मुलं वीस मिनिटं आधी पुलावर हजर. वर्गात भांडणं, पण विज्ञानावरून. कोणी म्हणे वार बघायचा, कोणी म्हणे पाऊस बघायचा. मागच्या भिंतीवर त्यांनी तक्ता लावला, रोज एक चौकोन रंगवायचा. सहभाग असा काही उतू चालला की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दार लोटून घेतलं. मी मनातल्या मनात अहवालाची फलश्रुती लिहायला घेतली होती. खोटं कशाला बोलू, मी खूश होते, आणि थोडी चढलेही होते.

दोन आठवड्यांनी मतं तपासताना माझ्या लक्षात आलं की एकच मुलगी रोज बरोबर येते. सानिका. हजेरी क्रमांक एकतीस, खिडकीजवळचा तिसरा बाक. जूनपासून वर्गात तिच्या तोंडून दोनच शब्द निघाले होते, "हजर बाई," तेही मी मान वर केली तर ऐकू येतील इतक्या हळू. वार बघणारे चुकत होते, पाऊस बघणारे चुकत होते, सानिकाचं मत चुकत नव्हतं. मुलं तिला ज्योतिषीणबाई म्हणायला लागली. ती नुसती हसायची. आणखी एक गोष्ट होती. शुक्रवारी संध्याकाळी ती मतच द्यायची नाही.

मी तिला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. "सानिका, शुक्रवारी का गं मत देत नाहीस?"

तिने टेबलाची कड खरवडली. मग म्हणाली, "शुक्रवारी पप्पांना सुट्टी असते."

"मग?"

"मग रुमाल नसतो ना बाई."

एकेक वाक्य ओढून काढावं लागलं, पण सगळं बाहेर आलं. तिचे वडील रंगाच्या कंपनीत कामाला. धूळ नाकात जाते म्हणून नाकाला रुमाल बांधतात. संध्याकाळी घरी आले की तो रुमाल मोरीत धुवायचं काम सानिकाचं. ज्या रंगाचा माल चालू असेल तो रंग रुमालातून निघतो. वडील सांगतात, माल निघाला की टाक्या धुतात. "रुमाल निळा निघाला की दुसऱ्या दिवशी नाला निळा," ती म्हणाली. "मी आधी नुसतं बघत होते. आठ दिवस बघितलं, मग मत द्यायला लागले."

निरीक्षण, अनुमान, पडताळा. विज्ञानाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द असतात आणि आम्ही ते पाठ करून घेतो. या मुलीने ते मोरीत बसून केलं होतं, कोणी न सांगता. मला इतका आनंद झाला की त्या रुमालामागे एक नाक आहे, आणि ते रोज आठ तास त्यातून श्वास घेतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते आलं पुढे, कितीतरी दिवसांनी.

मी म्हटलं, "उद्या हे वर्गासमोर सांगायचं. आणि रुमाल न धुता आण. पुरावा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी उभी राहिली. चार ठिकाणी अडखळली. एकदा इतकी थांबली की मला वाटलं, संपलं आता. पण वर्ग चूप होता, आणि तिने पुढचं वाक्य उचललं. शेवटी तिने रुमाल दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "काल संध्याकाळी हा जांभळा निघाला. म्हणून आज नाला जांभळा आहे." मुलांनी बाकं वाजवली. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ. मी तो दुपारीच पेजवर टाकला, खाली लिहिलं, "आमची शास्त्रज्ञ." त्या सकाळी नाला जांभळाच होता, तोही फोटो टाकला.

तो रुमाल म्हणजे कंपनीने दिवाळीला कामगारांना वाटलेला नॅपकिन होता. आमच्याकडे दिवाळीला कंपन्या डबा देतात, छत्री देतात, नॅपकिनचा सेट देतात, आणि प्रत्येक वस्तूवर आपलं नाव छापतात. माझ्या स्वतःच्या घरी अशा तीन कंपन्यांच्या पिशव्या आहेत. सानिकाच्या हातातल्या नॅपकिनच्या कोपऱ्यावर त्या कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. मी रंग बघत बसले, कोपरा बघितलाच नाही.

आधी तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला, मग सोसायट्यांच्या ग्रुपवर, मग कल्याणच्या माझ्या नणंदेने मलाच फॉरवर्ड केला, "तुझ्या शाळेतली मुलगी आहे का बघ." पहिल्या दिवशी हेडसरांनी अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी ते मला बघून कॅटलॉग चाळायला लागले, कारण संस्थेतून फोन येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना एकतीस नंबरला उत्तर आलं नाही.

शाळा सुटल्यावर मी कोपरला तिच्या घरी गेले. चाळीतली एक खोली, दारात तुळशीऐवजी कोरफडीची कुंडी. सानिकाचे वडील घरीच होते, दिवसाउजेडी घरी असलेला माणूस जसा अवघडून बसतो तसे बसले होते. नाव विलास. मूळचे साताऱ्याकडचे, अकरा वर्षं त्याच कंपनीत, पण ठेकेदाराचे म्हणून. कंपनीच्या कायम कामगाराला काढायचं तर कागद लागतो. ठेकेदाराच्या माणसाला गेटवर "उद्यापासून येऊ नको" एवढं म्हटलं की पुरतं. त्यांना तेवढंच म्हटलं होतं.

सानिकाची आई मात्र उभीच राहिली. म्हणाली, "बाई, तुमची शाळा झाली, आमची चूल गेली."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी कंपनीत जाते, बोलते त्यांच्याशी."

"आता बोलायला जाताय," ती म्हणाली. "व्हिडिओ टाकायच्या आधी एक फोन केला असता. नंबर होता की तुमच्याकडे. ग्रुपवर रोज येतोय ना तुमचा."

खरं होतं. सही घेतली म्हणजे विचारलं, असं मी धरून चालले होते. विलासराव बायकोला "असू दे गं" म्हणाले आणि मला विचारलं, "बाई, ती वर्गात खरंच बोलली का? म्हणजे उभी राहून, सगळ्यांसमोर?"

"खरंच बोलली."

"घरी पण जास्त बोलत नाही ती," ते म्हणाले. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

कंपनीत मला ताटकळत ठेवलं नाही. एसी केबिन, चहा, काजूचं बिस्किट. मॅनेजर गृहस्थ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला अतिशय गोड. पाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, तोच माल इतर चार जण बनवतात, नाल्यात कोण काय सोडतं कोणी सांगावं, वगैरे. मी म्हटलं, "मी व्हिडिओ काढून टाकते. बाईंची चूक झाली असं जाहीर लिहिते. त्या माणसाला कामावर घ्या."

ते हसले. "मॅडम, तुम्ही लिहिलेलं कोण वाचणार? लोकांनी त्या मुलीचं ऐकलंय. तिनेच सांगू दे. रंग घरचाच होता, रांगोळीचा म्हणा, कसलाही म्हणा, गंमत म्हणून केलं. त्याच पेजवर, तसाच व्हिडिओ. सोमवारी तिच्या वडिलांना पाठवा."

परत येताना मी काय काय विचार केला, ते सगळं सांगण्यासारखं नाही. तक्रार करता आली असती. कोणा पत्रकाराला गाठता आलं असतं. त्या वेळी सुचलंच नाही असं म्हणायला मला आवडेल, पण सुचलं होतं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते, पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीसाठी अडकले होते, आणि घरात बसलेल्या त्या माणसाला सोमवारी काम हवं होतं. या दोन कारणांतलं मोठं कुठलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. मी घाबरले, हे त्यातलं सरळ उत्तर.

तशीच कोपरला गेले आणि कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. आई लगेच म्हणाली, "बोलेल ती." वडील म्हणाले, "तिला विचारा. तोंड तिचं आहे."

सानिका मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. मी म्हटलं, "सानिका, तुझ्या मनात नसेल तर नको. मग आपण दुसरं काहीतरी बघू." दुसरं काही बघण्यासारखं माझ्याकडे नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. नववीतली मुलगी, काही कुक्कुलं बाळ नव्हती.

तिने विचारलं, "कुठे उभी राहू? त्याच टेबलापाशी?"

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघीच प्रयोगशाळेत होतो. चार वाक्यं मी लिहून आणली होती. शिक्षक आहे, लिहून आणणारच. "माझ्या रुमालाचा रंग रांगोळीचा होता. मी गंमत म्हणून तसं सांगितलं. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझं अनुमान चुकलं." तीनदा म्हणून घेतलं. "संबंध"वर ती अडकत होती, तिथे श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. मग फोन धरला. खरं सांगताना ती चार ठिकाणी अडखळली होती. हे एका दमात बोलली, स्पष्ट, खणखणीत आवाजात, कॅमेऱ्याकडे बघून. तो व्हिडिओ मी तिथेच पेजवर टाकला. वाईट वाटलं असं म्हणणं फार थोडं होईल. लाज वाटली.

मी फोन खाली ठेवला. सानिका दप्तर उचलत होती. उचलता उचलता तिने विचारलं, "बाई, परीक्षेत प्रदूषणावर प्रश्न आला तर कुठलं लिहू?"

"कुठलं म्हणजे?"

"आधीचं लिहू का आत्ताचं?"

टोमणा नव्हता तो. टोमणा मला कळतो, एकतीस वर्षं ऐकले आहेत. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर होती, ती अभ्यासू मुलगी होती, आणि पेपर काढणारी बाई तिच्यासमोर उभी होती. मी तिला काहीही सांगू शकले असते. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "गाईडातलं लिही."

तीस वर्षं वर्गात गाईड दिसलं की मी ते जप्त करत आले होते. ती म्हणाली, "बरं बाई," आणि गेली.

विलासराव सोमवारी कामावर गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाई, घेतलं. थँक यू." मंगळवारी वर्गात एका मुलाने हात वर केला, "बाई, रंग रांगोळीचा होता, तर नाला आज परत लाल का?" सगळ्यांनी वळून सानिकाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, तिथून नाला दिसतो. मी म्हटलं, "पुढचा धडा काढा." त्यांनी काढला. भिंतीवरचा तक्ता दोन दिवसांनी शिपायाने उतरवला, पेज मी बंद केलं. मार्चपर्यंत वर्ग अतिशय शिस्तीत गेला. शेजारच्या बाईंनी दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

अहवाल मात्र मी दिला. उपक्रमाचं नाव, उद्देश, कार्यवाही सगळं खरं लिहिलं, फलश्रुतीत "सहभाग लक्षणीय वाढला" असं लिहिलं, तेही खोटं नव्हतं. पुढे त्याबद्दल प्रशस्तिपत्र आलं. हेडसर ते काचेत लावूया म्हणाले, मी घरी घेऊन आले.

सहामाहीचा पेपर मी महिनाभर आधीच छापायला दिला होता. त्या वेळी आमचा तक्ता जोरात होता आणि मला चेव चढला होता, म्हणून प्रश्न पाचवा मी मुद्दाम असा घातला होता: तुम्ही स्वतः पाहिलेल्या जलप्रदूषणाचे एक उदाहरण निरीक्षणासह लिहा. गुण पाच. पेपर बदलायला वेळ होता. हेडसरांना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने बदलला असता. मी सांगितलं नाही. मुलं काय लिहितात ते मला बघायचं होतं, दुसरं काय.

गठ्ठा घरी आणून तपासायला बसले. अठ्ठेचाळीसपैकी चाळीसएक मुलांनी तो प्रश्न सोडूनच दिला होता. काहींनी गटार लिहिलं होतं, एकाने सोसायटीची टाकी. एकतीस नंबरच्या पेपरात पानभर उत्तर होतं, सुवाच्य अक्षरात. गंगा नदी. उगमापासून काठावरच्या शहरांपर्यंत, सांडपाणी, निर्माल्य, कारखाने, उपाययोजना, मुद्देसूद, शीर्षकांखाली पट्टीने रेघा मारून. शेवटी "निरीक्षण" असा मथळा देऊन तिने लिहिलं होतं, "मी स्वतः पाहिले की गंगेचे पाणी गढूळ आहे." सानिका डोंबिवली आणि साताऱ्याच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती.

मी उत्तर दोनदा वाचलं आणि पाचपैकी पाच दिले. मार्क कापायला कुठे जागाच नव्हती.